मोयदूनचे रक्त खाली बसेना

सकाळचा चहा पिता पिता झूराकानने नवऱ्याला बातमी दिली, की व्याही एर्गेश त्याच्यापेक्षा वयाने मोठे ठरले आहेत. मोयदूनने रोटीचा तुकडा चहात बुडवला होता, तो चहातच राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"काल दुपारपासून. रक्ताच्या रिपोर्टात निघालं म्हणे. सापाराली गावभर सांगत फिरतोय."

"सापारालीला रक्तातलं काय कळतं? भूगोल शिकवायचा तो."

"तुम्हाला तरी काय कळतं? पण लग्नात मटण तो वाटतो, तुम्ही नाही," झूराकान म्हणाली आणि चमच्याने तुकडा बाहेर काढून तिने त्याच्या बशीत ठेवला.

मटणाचे वाक्य मोयदूनच्या वर्मी लागले. गावातल्या तोपचुबेकच्या मुलाचे लग्न अठरा दिवसांवर आले होते. लग्नात मेंढी कापली जाणार आणि तिचे कोणते हाड कोणापुढे ठेवायचे, हे सापाराली ठरवणार. आमच्या कोकजिल्गा गावात माणसाची किंमत त्याच्या घरावरून किंवा घोड्यावरून कोणी करत नाही, ताटात कोणते हाड पडले ते बघतात. छातीचा भाग जावयाला, माकडहाड मानाच्या म्हातारीला, मांडीचे हाड दुसऱ्या नंबरच्या म्हाताऱ्याला आणि कमरेचे हाड, ज्याला आम्ही जांबाश म्हणतो, ते बैठकीतल्या सगळ्यांत वडील माणसाला. मेंढीला कमरेची हाडे दोन असतात हे खरे, पण एक पाहुण्यांच्या बैठकीत जाते. गावाच्या वाट्याला एकच उरते आणि गेली एकोणीस वर्षे ते मोयदूनपुढे येत होते.

कागदावर मात्र त्याचे आणि एर्गेशचे वय अगदी एक होते. दोघे लहान असताना नोंदणीचा कारकून घोड्यावरून गावात आला होता आणि त्याला परत जायची घाई होती. दिसतील तेवढी पोरे त्याने एका भिंतीला उभी केली आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी अठ्ठेचाळीस लिहून टाकली. त्यांत मिसरूड फुटायला आलेलेही होते आणि कोणाच्या तरी कडेवरचेही होते. त्यामुळे मोयदून थोरला की एर्गेश, हा वाद दोघांच्या दाढ्या पांढऱ्या होईपर्यंत चालला. शेवटी एर्गेशच्या आईनेच तो मिटवला. "मोयदून घोड्यावर बसायला लागला तेव्हा माझा एर्गेश पाळण्यात होता," असे तिने भर बैठकीत सांगितले. सख्खी आईच उलटल्यावर एर्गेश काय बोलणार? पण ही म्हातारी गेल्या हिवाळ्यात वारली. चाळिसाव्या दिवसाचे जेवण झाले आणि एक्केचाळिसाव्या दिवशी एर्गेश म्हणाला, "आई शेवटी शेवटी काहीही बोलायची."

मोयदूनने चहा अर्धा टाकला, काठी घेतली आणि तो तडक आरोग्य केंद्रात गेला.

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि उलकान. गावातली बाळंतपणे, ताप आणि घोड्यावरून पडून मोडलेले हातपाय ती तीस वर्षे एकटीने बघत होती. महिन्यापूर्वी कुठल्याशा संस्थेने तिला रक्त तपासायचे मशीन दिले. बोटाला टोचून थोडे रक्त घातले की चिंचोळ्या कागदावर वीस-बावीस आकडे छापून यायचे. आकडा जास्त असला की त्याच्यापुढे वर तोंड केलेला बाण, कमी असला की खाली. पहिल्याच आठवड्यात निम्म्या गावाने बोट पुढे केले आणि झाडून सगळ्यांच्या हिमोग्लोबिनपुढे वर जाणारा बाण आला. गावाला वाटले, आपण पहिल्या वर्गात पास झालो. एवढ्या उंचावर राहणाऱ्यांचे रक्त दाटच असते, मशीनला फक्त सपाटीवरची माणसे ठाऊक आहेत, असे उलकान घसा सुकेपर्यंत सांगत राहिली. पण लोकांनी कागद भिंतीला लावले ते लावलेच. मात्र बाण सगळ्यांनाच मिळाल्याने त्याचा कोणाला तोरा मिरवता येईना.

मोयदून पोचला तेव्हा सापाराली तिथेच बसला होता. त्याच्या मांडीवर मशीनबरोबर आलेली पुस्तिका होती आणि नाकावर चष्मा. बावीस वर्षे तो लग्नात मटण वाटत होता आणि प्रत्येक लग्नानंतर दोन-तीन घरे त्याच्याशी बोलणे टाकत होती. ज्याच्यापुढे कोणाला तोंड उघडता येणार नाही असा एखादा पुरावा मिळावा, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती.

"या मोयदूनबाबा, तुमचाच कागद बघत होतो," तो म्हणाला. "ही बघा, सगळ्यांत खालची ओळ. ही मशीन छापत नाही, उलकानबाई हाताने लिहितात. काचेच्या नळीत रक्त उभं करून ठेवायचं आणि तासाभरात लाल भाग किती खाली बसला ते मोजायचं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, वय वाढतं तसा हा आकडा वाढतो. तुमचा आलाय सात. एर्गेशबाबांचा चौतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे रक्ताच्या मानाने तुम्ही अजून तरुण आहात. अभिनंदन."

मोयदूनला आजवर कोणी इतके झोंबणारे बोलले नव्हते. काठीवरची मूठ आवळून तो उलकानकडे वळला.

"उलकानबाई, हा काय बोलतोय?"

"अर्धंच वाचून बोलतोय," उलकान म्हणाली. "सापाराली, पुढची ओळ पण वाच ना. कुठे सूज असली, पू झाला असला, आजार असला तरी हा आकडा वाढतो."

"वाचली की. पण एर्गेशबाबांना आजार कुठंय? परवाच याक हाकत वरच्या कुरणात जाऊन आले."

"मग माझा रिपोर्ट काय म्हणतो?" मोयदूनने विचारले.

"तुमचा?" उलकानचा चेहरा उजळला. "या वयात असा रिपोर्ट मी अजून पाहिला नाही. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक, सगळं जिथल्या तिथे. ठणठणीत आहात."

"नीट बघ. काहीतरी असेल."

"काही नाही."

"गुडघा दुखतो माझा."

"दुखू दे. रक्तात नाही आलेला."

सापारालीने पुस्तिका मिटली. माणूस न्यायाला धरून चालणारा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्या गावासमोर, दोघांचे रक्त पुन्हा तपासायचे आणि त्या दिवशी ज्याचा आकडा मोठा त्याला कमरेचे हाड, असे त्याने जाहीर केले. मोयदूनने ते मान्य केले, कारण दुसरा मार्ग नव्हता. निघताना त्याने उलकानला बाजूला घेऊन विचारले, "हा आकडा वाढवायचा कसा?"

"आजारी पडा," उलकान वैतागून म्हणाली.

ती टोमणा मारत होती. मोयदूनने तो औषधाच्या चिठ्ठीसारखा जपून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ओढ्यात गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. हे पाणी थेट हिमनदीतून येते, त्यात याकसुद्धा विचार करून पाय घालतात. पाय बधिर होईपर्यंत उभे राहून तो घरी आला आणि शिंकेची वाट बघत चुलीपासून लांब बसला. शिंक आली नाही, भूक आली. सायीबरोबर चार रोट्या खाऊन तो दुपारपर्यंत घोरत पडला. पुढचे तीन दिवस त्याने हेच केले. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आले, की गुडघा दुखायचा थांबला आहे.

मग त्याने पाणी सोडले आणि पोरे धरली. शेजारच्या घरात तीन पोरांना खोकला झाला होता. त्याने तिघांना मांडीवर घेतले, तोंडाजवळ तोंड नेऊन लांडग्याच्या गोष्टी सांगितल्या, त्यांचे उष्टे ताक प्याला. तिसऱ्या दिवशी पोरे खडखडीत बरी झाली. मोयदूनबाबांच्या हाताला गुण आहे, असे त्यांच्या आईने गावभर सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून बायका आपली शेंबडी पोरे स्वतः आणून त्याच्या अंगणात सोडू लागल्या. आठवड्याच्या शेवटी शेजारच्या गावातून एक मोटार आली, तिच्यात गालगुंड झालेली जुळी होती. मोयदूनने त्यांना आशेने पोटाशी धरले. पण गालगुंड त्याला लहानपणीच होऊन गेले होते.

"माझे पेशंट पळवायला लागलात काय?" उलकानने रस्त्यात अडवून विचारले.

"तूच सांगितलंस आजारी पड म्हणून."

"आणि पडलात का?"

"प्रयत्न चालू आहेत," मोयदून म्हणाला.

घरी झूराकानचा तोंडाचा पट्टा चालूच होता. पण एकदा नमाजानंतर नवरा बराच वेळ हात पसरून बसलेला तिने पाहिला आणि तिलाही राहवेना.

"एवढं काय मागत होतात?"

"ताप."

"माझ्या डोक्याला दिलाय तो पुरे नाही का? अहो, लोक बरं व्हायला दुवा मागतात. एका हाडापायी तुम्ही आजार मागताय. किती मटण असतं त्याच्यावर?"

मटण किती असते हा प्रश्नच नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी ते हाड पहिल्यांदा त्याच्यापुढे ठेवले गेले, तेव्हा हात धुवायचे निमित्त करून तो बाहेर गेला होता आणि घोड्याच्या आड उभा राहून रडला होता. त्याचा बाप लोकांचे याक राखायचा, त्याला आयुष्यात पायाच्या नळीपेक्षा मानाचे हाड मिळाले नव्हते. हे झूराकानला माहीत होते. म्हणून तिने पुढे वाढवले नाही, चुलीत शेणी सरकवत ती हळूच म्हणाली, "सून सांगत होती, तिच्या बापाचा गाल सुजलाय. दाढ ठणकते. पंधरा दिवस नुसत्या रश्श्यावर आहेत."

मोयदून ताडकन उठला.

एर्गेश आपल्या ओट्यावर उन्हात बसला होता. हनुवटीपासून डोक्यापर्यंत बांधलेला रुमाल त्याने मोयदूनला बघताच सोडला आणि ढुंगणाखाली घातला. हे दोघे लहानपणी अरेतुरे करायचे. पोरांची लग्ने होऊन व्याही झाल्यापासून अहोजाहो करत आणि भांडण लागले की पुन्हा लहान होत.

"या व्याही," एर्गेश म्हणाला. डावा गाल फुगून तुकतुकीत झाला होता आणि शब्द उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडत होते. "धाकट्याने आधी सलाम करायचा असतो."

मोयदूनने सलाम गिळला आणि थेट विचारले, "गालाला काय झालं?"

"कुठल्या गालाला?"

"डाव्या."

"तो आधीपासून असाच आहे."

"व्याही, सत्तर वर्षं मी तो गाल बघतोय. दाढ किडलीय तुमची. ओशला दवाखान्यात जा, काढून टाका. एका दिवसाचं काम. मी पोराला गाडी काढायला सांगतो, तुमच्याबरोबर मी येतो."

"माझ्या दातांची एवढी काळजी?"

"माझ्या नातवाचे आजोबा आहात."

"मोयदून, मला काय दुधखुळा समजतोस? दाढ निघाली की माझं रक्त सावकाश बसायला लागणार. उलकानने मला पण सगळं सांगितलंय. लग्न होऊ दे, मग काढतो."

"म्हणजे दाढ दुखतेय."

"दाढ दुखत नाही."

मोयदूनने खिशात हात घातला आणि कुरुत बाहेर काढले. कुरुत म्हणजे दह्याचा वाळवून दगड केलेला खारट गोळा, आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात एक-दोन असतातच. "नाही ना दुखत? मग हे घे. चाव."

एर्गेशने गोळा घेतला, उन्हात धरून बघितला आणि तोंडात टाकला. कट्ट असा आवाज झाला. त्याचे डोळे हळूहळू भरून आले आणि पाणी दाढीत उतरले.

"काय झालं?" मोयदूनने विचारले.

"आईची आठवण आली," एर्गेश म्हणाला. "चांगलं झालंय कुरुत. झूराकानवहिनींना सांग."

मोयदून फाटकाबाहेर पडला तेव्हा मागून गाढव ओरडल्यासारखा आवाज आला. एर्गेशकडे गाढव नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्राच्या अंगणात सगळे गाव जमले. उलकानने टेबल बाहेर आणले, लाकडी स्टँडमध्ये दोन काचेच्या नळ्या उभ्या केल्या आणि दोघांची बोटे टोचली. एर्गेश तोंडाभोवती लोकरीची शाल गुंडाळून आला होता. वारा फार आहे, असे त्याच्या मुलाने सांगितले. वारा अजिबात नव्हता. सापारालीने मनगटावरचे घड्याळ सोडून टेबलावर ठेवले आणि हात वर करून लोकांना गप्प केले.

पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. मग एर्गेशच्या नळीत वरच्या टोकाला पिवळसर पाणी दिसू लागले.

"एर्गेशबाबांचं निघालं," कोणीतरी म्हणाले. मागचे लोक टाचा वर करून बघू लागले.

मोयदून आपल्या नळीसमोर उकिडवा बसला होता. त्याचे रक्त वरपर्यंत लालभडक उभे होते, हलायला तयार नव्हते.

"बस की मेल्या," तो पुटपुटला.

"बाबा, रक्ताशी बोलून काही होत नाही," उलकान म्हणाली.

"माझंच आहे. ऐकेल."

ऐकले नाही. अर्ध्या तासाने एर्गेशचे रक्त निवांत म्हाताऱ्यासारखे खाली जाऊन बसले होते आणि त्याच्या घरची माणसे एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. तास भरला तेव्हा उलकानने दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर धरल्या. तिला आकडे सांगायची इच्छा नव्हती, पण सांगावे लागले. एर्गेश एक्केचाळीस. मोयदून सहा.

"मागच्यापेक्षा एक कमी," सापाराली म्हणाला. "सतरा दिवसांत तुम्ही आणखी लहान झालात, मोयदूनबाबा."

"अरे, त्यांची दाढ सडलीय. ती शाल सोडायला लाव, मग बघ," उलकान चिडून म्हणाली. "हा आकडा वयाचा नाही, त्या दाढेचा आहे."

सापारालीने एर्गेशकडे बघितले. एर्गेशने शालीतूनच नकारार्थी मान हलवली. पेशंट स्वतःच दुखत नाही म्हणतोय तर पुस्तिकेबाहेर आपण जाणार नाही, असे सांगून सापारालीने घड्याळ परत मनगटावर बांधले. लोक पांगले. मोयदून बराच वेळ तिथेच बसून राहिला. उलकानने त्याला चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

लग्नाच्या दिवशी तोपचुबेकच्या अंगणात जाड लोकरी नमद्याचे दोन मोठे तंबू उभे होते. गावाच्या तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागेवर, जिथे मोयदून बसायचा, तिथे एर्गेश बसला. मोयदून त्याच्या शेजारी. हात धुऊन झाले आणि सापाराली वाफाळलेली परात घेऊन आत आला. त्याने दोन्ही हातांनी कमरेचे हाड उचलले आणि एर्गेशपुढे ठेवले. मग मांडीचे हाड मोयदूनपुढे ठेवले आणि त्याच्या नजरेला नजर न देता पुढे सरकला.

मोयदूनने मांडीचे हाड उचलून तसेच पलीकडच्या माणसापुढे सरकवले. "मला भूक नाही," तो म्हणाला.

हे साफ खोटे होते. आदल्या दिवसापासून त्याने रागाने अन्नाला हात लावला नव्हता आणि त्या तंबूत मटणाचा वास असा भरला होता की नमद्यालाही चावा घ्यावासा वाटावा.

एर्गेशने हाताने मटणाचा एक बारीक धागा सोडवला आणि तोंडात घातला. लोक बघत होते. त्याने उजवीकडून चावून पाहिले, मग समोरच्या दातांनी, मग तो नुसताच तोंड मिटून बसला. थोड्या वेळाने त्याने तो धागा रुमालात काढला. हाडावर मूठभर मटण आणि बोटभर जाड चरबी चकाकत होती. बाकीची हाडे दुसऱ्याकडे सरकवली तर चालते, पण कमरेचे हाड न खाता परत पाठवणे म्हणजे लग्नघराच्या तोंडावर थुंकणे. खाता येत नसेल तर एकच वाट असते, आपल्या हाताने दुसऱ्याला भरवायचे. पण भरवणारा थोरला आणि तोंड उघडणारा धाकटा, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असते.

एर्गेशची नजर तंबूभर फिरली. समोर त्याची नातवंडे होती, पुतणे होते, तोंड उघडायला कोणीही तयार होते. पण नातवाला भरवून काय मोठेपणा? त्याने सुरीने मटणाचे तुकडे केले, चरबी लावली, पाच बोटांत मोठा घास धरला आणि शेजारी वळला.

"घ्या व्याही," तो उजव्या कोपऱ्यातून म्हणाला. "थोरल्या भावाच्या हातून."

मोयदूनने घासाकडे बघितले. तूप ओघळावे तशी चरबी एर्गेशच्या मनगटावर ओघळत होती. नाही म्हणावे तर सुनेच्या बापाचा हात भर बैठकीत झिडकारल्यासारखे झाले असते. हो म्हणावे तर संपलेच, पुढे कोणतेही रक्त कितीही बसले तरी उपयोग नव्हता. त्याने बायकांच्या बाजूला झूराकानकडे बघितले. ती वर तंबूचे वासे मोजत होती. पोटातून आवाज आला, तो शेजारच्या तिघांनी ऐकला.

मोयदूनने तोंड उघडले.

तंबूत एकदम बोलणी सुरू झाली. एर्गेशच्या चेहऱ्यावर, डावा गाल सोडून, हसू पसरले. त्याने दुसरा घास केला. मग तिसरा. मटण मऊ होते, मेंढी उन्हाळाभर वरच्या कुरणात चरलेली होती. एर्गेशला थांबता येईना, कारण हाड संपायला हवे होते. आणि मोयदूनला घाई नव्हती. तो मांडी घालून, हात मांडीवर ठेवून आरामात बसला होता आणि घास आला की तोंड उघडत होता. मध्येच एकदा त्याने, "जरा चरबीकडचा द्या," असे सांगितले. सगळे हाड पांढरे स्वच्छ होईपर्यंत एर्गेश त्याला भरवत राहिला आणि मग वाटीभर रस्सा घेऊन, डोके एका बाजूला कलते करून, उजवीकडून सावकाश पिऊ लागला.

घरी जाताना पूल ओलांडल्यावर झूराकान म्हणाली, "सगळ्या गावासमोर धाकटे झालात."

"झालो," मोयदून म्हणाला आणि त्याने ढेकर दिली.

दहा दिवसांनी उलकान त्याच्या अंगणात आली. ती लगबगीने आली होती आणि तिला धाप लागली होती.

"मोयदूनबाबा, एर्गेशबाबांनी परवा ओशला जाऊन दाढ काढली. आज मी रक्त बघितलं. आकडा आलाय नऊ. मी म्हणत होते ना, सगळं त्या दाढेचं होतं. हा कागद आता सापारालीच्या तोंडावर मारते. पुढच्या महिन्यात मुल्लांच्या नातीचं लग्न आहे, तेव्हा तुमची जागा तुम्हाला परत मिळालीच पाहिजे."

ती मोयदूनच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होती. तो मात्र विचारात पडला होता.

"सगळी काढली? मुळासकट?" त्याने विचारले.

"मुळासकट."

"म्हणजे आता त्याला मटण चावता येणार?"

"येणार की. का नाही?"

"हं." मोयदूनने काठीने जमिनीवर रेघ ओढली. "उलकानबाई, तो कागद सापारालीला नको दाखवूस."

"अहो, पण हाड तुमचं आहे. एवढ्या थंड पाण्यात उभे राहिलात त्याच्यासाठी."

"माझ्यापुढे ठेवलं की निम्मं वाटण्यात जातं. याला भरव, त्याला भरव. एकोणीस वर्षांत मी एकदाही ते पुरतं खाल्लं नव्हतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्याचे बाकीचे दात कसे आहेत?"

उलकानने त्याच्याकडे निरखून बघितले. "उजव्या बाजूच्या दोन दाढा किडायला लागल्यात. पण जपलं तर टिकतील. गोड खाऊ नका म्हणून बजावलंय मी त्यांना."

मोयदूनने तिचे मनापासून आभार मानले. संध्याकाळ व्हायच्या आत व्याह्यांच्या घरी दोन किलो खडीसाखर पोचली आणि सोबत निरोप, की थोरल्या भावाने तोंड गोड करावे.